मनाच्या डॉक्टरकडे कधी जायचं, आणि आपण एवढा उशीर का करतो

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की लगेच "याला येरवड्याला नेऊन सोडा रे" असं म्हणतात, मुंबईकडे हेच ठाण्याचं नाव घेऊन चालतं. येरवड्यात मनोरुग्णालयाबरोबर जेल पण आहे त्यामुळे पुणेकरांचा टोमणा दोन्ही अर्थांनी लागू पडतो, आणि खरं सांगायचं तर ज्या इंग्रजांनी ही हॉस्पिटलं बांधली त्यांच्या कायद्यालाही या दोन जागांत फार फरक वाटत नव्हता. घरातल्या माणसाला सायकियाट्रिस्टकडे न्यायचं म्हटलं की आजही आपल्या पोटात गोळा येतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे असं माझं मत आहे. लोक अडाणी आहेत म्हणून उशीर होतो हे मला अर्धवटच पटतं, कारण शिकलेल्या घरांतही तेवढाच उशीर होतो.

१८५८ मध्ये, म्हणजे कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं त्याच वर्षी, वेड्यांसाठीचे कायदे आले, मग ते सगळे गुंडाळून १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट आला. या कायद्याचा मुख्य रस्ता असा की नातेवाइकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांची सर्टिफिकेटं जोडायची, मॅजिस्ट्रेटने ऑर्डर काढायची आणि मग माणूस आत. रस्त्यावर फिरणारा किंवा धोकादायक वाटणारा कुणी सापडला तर पोलीस त्याला उचलून थेट मॅजिस्ट्रेटपुढे उभं करू शकत. स्वतःहून दाखल व्हायची सोय कागदावर होती, पण ती वापरणार कोण? म्हणजे बघा, ताप आला की डॉक्टर आणि मन बिघडलं की कोर्ट. साहजिकच घरचे लोक अगदी शेवटपर्यंत थांबायचे, भांडी फेकली, कुणाला मारलं, घरातून पळून गेला, की मगच. "कधी जायचं" याचं उत्तर कायद्यानेच ठरवून टाकलं होतं, ते म्हणजे इतरांना त्रास व्हायला लागल्यावर. पेशंटला स्वतःला काय त्रास होतोय हा प्रश्नच नाही.

आणि हा कायदा किती वर्षं टिकला माहितीये? १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट पास झाला तरी तो प्रत्यक्ष लागू झाला एप्रिल १९९३ मध्ये. म्हणजे घरोघरी केबल टीव्ही यायला लागला होता आणि मनाच्या आजाराला कायदा १९१२ चा.

हॉस्पिटलं तरी किती, तर आपल्या राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा. ठाण्याचं १९०१ सालचं. मंजूर खाटा येरवड्यात २५४०, ठाण्यात १८५०, नागपुरात ९४०, रत्नागिरीत ३६५. चारातलं एकही मराठवाड्यात नाही. नांदेडच्या माणसाने आईला दाखवायला कुठे जायचं? तो मग जवळ जे आहे तिकडेच जाणार. देवऋषी, दर्गा, नाहीतर दत्ताचं गाणगापूर, जिथे आरतीच्या वेळी "बाधा" झालेली माणसं खांबांवर चढतात, ओरडतात, आणि आजूबाजूला कुणालाच त्याचं विशेष काही वाटत नाही. मी या जागांना सरसकट शिव्या देणाऱ्यांतला नाही, तिथे निदान पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि कुणी "वेडा" म्हणून हसत नाही. पण साखळी, मार, मिरचीची धुरी हे पण तिथेच कुठेतरी सुरू होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं हे सगळं नाव घेऊन लिहिलंय. एवढं तपशीलवार लिहावं लागलं यातच काय ते आलं.

साखळीचा सगळ्यात भयंकर प्रकार तामिळनाडूत झाला. एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या खाजगी झोपड्या होत्या, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथे आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ जण दगावले. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, देशभर चौकश्या झाल्या.

आता औषधांचं. १९५० च्या आधी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतंच, ब्रोमाइडसारखी गुंगीची औषधं, बंद खोली, आणि नंतर विजेचे शॉक. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे मनाच्या आजारावरचं औषध वापरात आलं आणि चित्र पालटलं. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १९३१ मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग ब्लडप्रेशर आणि वेड या दोन्हींवर होतो असं छापलं होतं, तीच मुळी पुढे रेझर्पिन नावाच्या औषधाच्या रूपात जगभर गेली. औषधं आल्यावर पेशंट घरी राहून बरा होऊ शकतो हे दिसायला लागलं. त्याआधीच एक गोष्ट गुपचूप सुरू झाली होती. साध्या हॉस्पिटलात मनाची ओपीडी, कलकत्त्यात १९३३ मध्ये आणि मुंबईत जे.जे.ला १९३८ मध्ये डॉ. मसानींनी. माझ्या मते आपल्याकडचा खरा बदल हा, कारण जे.जे.त जाणाऱ्या माणसाकडे बघून तो कुठल्या खोलीत चाललाय हे शेजाऱ्याला कळत नाही. केसपेपर काढा, लाइनीत बसा, गोळ्या घ्या आणि लोकल पकडून घरी या.

तरी डॉक्टर पुरणार कुठून? देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा १९४६ चा रिपोर्ट सांगतो की चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एमबीबीएस डॉक्टरलाच थोडं शिकवायचं, आणि १९९६ पासून तो जिल्हावार पसरायला लागला. याच काळात महाराष्ट्रात सरकारबाहेरची माणसं कामाला लागली. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि ते कुठे, तर येरवड्याच्या त्याच हॉस्पिटलच्या आवारात! दारू ही वाईट सवय नाही, आजार आहे आणि त्यावर उपचार असतात हे मराठी घरांत शिरलं त्यात मुक्तांगणचा वाटा फार मोठा. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था काढली. कॅनडात कॅलगरीला राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, त्यांनी पुण्यात पेशंटच्या घरच्यांसाठी सा नावाची संस्था उभी केली. घरच्यांचंही काही दुखतं हे तोवर कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

गोव्यातलं काम मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. संगात संस्थेने तिथल्या दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग दिलेल्या लोकांकडून डिप्रेशन आणि चिंतेच्या पेशंटशी बोलायचं काम करून घेतलं, त्याचे निकाल २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी दवाखान्यांत चांगला फरक पडला. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा नाही, कारण तिथले पेशंट तसेही बऱ्यापैकी सुधारत होते. आता हे का, यावर वाद घालता येईल, पण ओळखीचा फॅमिली डॉक्टर दहा मिनिटं ऐकून घेतो हेही औषधच आहे असं मला वाटतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर राज्य सरकारने प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची, ती याच वाटेवरची.

आत्महत्येवरून आठवलं, यात मुंबईची एक केस आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. मुंबई पोलिसातला एक शिपाई, अपघातात डोक्याला मार लागल्यावर त्याचं मानसिक संतुलन बिघडलं, बायकोला भाजीच्या स्टॉलचं लायसन मिळेना म्हणून महापालिकेच्या ऑफिसबाहेर त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला, तर वर आत्महत्येच्या प्रयत्नाच्या कलम ३०९ खाली गुन्हा दाखल! १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टाने, न्या. पी. बी. सावंत होते, ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, अशा माणसाला उपचार हवेत, जेल नको असा सगळा सूर. सुप्रीम कोर्ट १९९४ मध्ये त्याच बाजूने गेलं आणि १९९६ मध्ये पाच जजांच्या बेंचने परत फिरवलं. म्हणजे आणखी वीस वर्षं घरचे लोक हॉस्पिटलात "चुकून झालं हो" असं सांगत राहिले, आणि जिथे डॉक्टरला खरं कळणं सगळ्यात गरजेचं तिथेच ते लपवलं गेलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला, त्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं ठरवलं, आणि २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ३०९ गेलंच. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड बंद, भूल न देता शॉक बंद, आणि विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावलं.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते (बारा राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता). यातले बरेच जण कुठेच जात नाहीत असं नाही हं, ते फॅमिली डॉक्टरकडे जातात, पण डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, अंगात त्राण नाही असं सांगतात, मग बी१२ चं इंजेक्शन, एखादं टॉनिक, फारच झालं तर सलाईन. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, आणि बाई सहा महिने तशीच झोपेविना.

तर आता "कधी जायचं" याचं उत्तर १९१२ सारखं राहिलेलं नाही. दोन आठवडे झाले तरी झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, कामावर किंवा कॉलेजला जाणं जड जातंय, एवढं पुरेसं आहे, भांडी फेकायची वाट बघायची गरज नाही. सकाळी उठल्या उठल्या दारू लागत असेल तर तेही. नसलेले आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, चार-पाच दिवस न झोपता भलताच उत्साह, किंवा बाळंतपणानंतर बाईचं वागणं एकदम बदलणं, यात आठवडे मोजत बसू नका, लगेच. आणि मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी, माणसाला एकटं न सोडता.

पहिला माणूस सायकियाट्रिस्टच हवा असंही नाही, फॅमिली डॉक्टरला "झोप नाही" याच्या पुढचं खरं सांगितलं तरी सुरुवात होते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आरोग्याची ओपीडी असते, वार आधी विचारून घ्या. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद न्या, आणि रोज बरोबर राहणारं एक माणूस न्या, कारण झोप, खाणं, चिडचिड याचं खरं तेच सांगतं. घरातून निघायचीच तयारी नसेल तर १४४१६, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पेशंट यायला तयार नसेल तर घरच्यांनी स्वतः फोन केला तरी चालतो.