खुर्चीतून उठायला किती वॉट लागतात?

माझी मावशी ७२ वर्षांची आहे. रोज सकाळी तासभर चालते. तरी एसटीच्या पहिल्या पायरीशी थबकते. दांडा घट्ट धरते, पाय वर ठेवते आणि मागून कुणी हात देईल याची वाट बघते. "गुडघ्यातलं वंगण संपलं गं," म्हणते. याच समजावर तेलांच्या जाहिराती पोसल्या जातात. कातडीवर चोळलेलं तेल सांध्यात जाऊन वंगण होत नाही. बरं वाटतं ते चोळण्यामुळे आणि उबेमुळे. त्यावर हजारो रुपये घालवू नका. मावशीचे गुडघे तर दुखतही नाहीत. कमी झाली आहे ती मांड्यांची शक्ती, आणि सपाट रस्त्यावर चालताना ती उणीव कळतच नाही.

शक्ती हा शब्द मी शाळेतल्या अर्थाने वापरते आहे: कार्य भागिले वेळ, एकक वॉट. किती जोर लावता येतो ती ताकद. तो किती झटकन लावता येतो ती शक्ती. ठेच लागली की सावरणारं पाऊल सेकंदाच्या आत पडावं लागतं, जोर नंतर येऊन उपयोग नाही. ब्रिटनमध्ये ६५ ते ८९ वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांवर झालेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायांची ताकद वर्षाला साधारण १ ते २ टक्क्यांनी कमी होताना दिसली, शक्ती मात्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

असं का होतं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. विहिरीतून पाणी शेंदताना बादली काठोकाठ भरली तर दोर हलत नाही. रिकामी असली तर सरसर वर येते, पण पाणी शून्य. मिनिटाला सर्वाधिक पाणी मधल्याच भाराला मिळतं. स्नायूचंही असंच आहे. त्यातले मायोसिन रेणू ॲक्टिनचा दोर पकडतात, ओढतात, सोडतात. आकुंचन जितकं वेगात, तितके कमी रेणू एका क्षणी दोर धरून असतात, म्हणून जोर घटतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर हे नातं समीकरणात बसवलं. शक्ती सर्वाधिक असते ती कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाला.

आता स्नायूंचे तंतू दोन जातींचे: संथ, न थकणारे, आणि जलद, लवकर थकणारे पण कितीतरी पट शक्ती देणारे. मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीच्या हाताखाली असे शेकडो तंतू असतात. वयानुसार या पेशी मरतात, त्यात जलद तंतूंना चालवणाऱ्या मोठ्या पेशी जास्त. पोरके झालेले तंतू एक तर सुकतात, नाहीतर शेजारची संथ पेशी त्यांना नवा फाटा फोडून दत्तक घेते. दत्तक गेलेला जलद तंतू हळूहळू स्वतःच संथ होतो! मांडी दिसायला तशीच राहते, झटका मात्र निघून जातो. रमतगमत चालणं संथ तंतूंवरच भागतं, त्यामुळे जलद तंतूंना व्यायाम होत नाही.

मोजायला खुर्ची आणि घड्याळ पुरे. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर, पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं, जमेल तितक्या लवकर. वयानुसार होणाऱ्या स्नायूक्षयावरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. मावशीला १६ लागले. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावरून वॉट काढायचं सूत्र दिलं. वजनाच्या ९० टक्के (पोटऱ्या-पावलं जागीच राहतात म्हणून) गुणिले ९.८१, गुणिले निम्म्या उंचीतून खुर्चीची उंची वजा करून उरलेले मीटर. याला एकदा उठून बसायला लागलेल्या वेळाच्या निम्म्याने भागायचं. मावशीचं ६० किलो वजन, १.५६ मीटर उंची, ०.४३ मीटरची खुर्ची: उत्तर सुमारे ११६ वॉट.

आता ती आठवड्यातून तीनदा "झटकन उठ, सावकाश बस" करते. हृदयाचा त्रास असेल किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दहा आठवड्यांनी १३ सेकंद लागले, म्हणजे सुमारे १४३ वॉट. सोफा मात्र खुर्चीपेक्षा सात सेंटिमीटर खाली आहे. तिथून उठताना अजून हात लागतो.