‘मले कायची शुगर होते?’

“माह्या अंगावर मांस तरी हाय का, ताई? मले कायची शुगर होते!” यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पंचावन्न वर्षांचे काकाजी आशाताईंना सांगत होते. ताईंनी वाद घातला नाही. “जरा उभे राहा, काकाजी,” म्हणत कमरेला टेप लावला. ९४ सेंटिमीटर. पुरुषांची हद्द ९०, म्हणून एक गुण. रोजचा तंबाखूचा खर्रा, दोन. वय पन्नाशीपुढचं, तीन. सीबॅक, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजायचा आशाताईंचा फॉर्म. त्यावर बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. काकाजींची सहा झाली.

शुगर हा जाड माणसांचा आजार, हा समज शिकलेल्यांतही घट्ट आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

ही चरबी दडते कुठं? भाव नसला की आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. आधी कोठी, मग माजघर, शेवटी झोपायची खोली. चरबीची कोठी म्हणजे कातडीखालचा थर. आपल्या लोकांत ती लवकर भरते, असं अभ्यासक मानतात. उरलेली चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात शिरते. यकृताच्या पेशीत डायअसाइलग्लिसरॉल हा चरबीचा एक प्रकार साठला की पीकेसी-एप्सिलॉन हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) अडवतं. ‘साखर सोडणं थांबव’ हा इन्सुलिनचा निरोप मग पोचत नाही. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतून ते सावरतं, म्हणून कित्येक वर्षं दुखत-खुपत काहीच नाही. ते थकलं की साखर चढते.

ही मधली वर्षंच आशाताईंच्या हातातली. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं, की साखर वाढू लागलेल्यांपैकी नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांचा पाठपुरावा ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. बाजारात ‘शुगर मुळापासून’ म्हणून विकतात ती पुडी यकृतातली चरबी हलवत नाही. तिच्या भरवशावर गोळ्या सोडणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

ताईंनी काकाजींना सकाळी उपाशीपोटी उपकेंद्रावर बोलावलं. टेपकडे बघत ते म्हणाले, “मंग बुढीलेही मोजून पाय.”

बायांची हद्द ८० सेंटिमीटर. ताईंनी पुन्हा टेप उलगडला.