मेलेल्या कोंबडीचा फोन कोण करणार?

सकाळी खुराडं उघडलं आणि आत दोन कोंबड्या मरून पडल्यात, तर कोकणात आपण काय करतो, खरं सांगा. "मर लागली" म्हणायचं, मेलेल्या कोंबड्या माडाच्या मुळाशी पुरायच्या आणि उरलेल्या धड दिसतायत तोवर विकून टाकायच्या नाहीतर सरळ वडे लावायचे. यात गाववाल्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही, हिशोबच तसा आहे.

म्हणजे बघा, बऱ्याचदा ती मानमोडीच (राणीखेत रोग) असते, पण कधीतरी बर्ड फ्लू निघतो, जानेवारी 2025 मध्ये उरणच्या चिरनेरला निघाला तसा. मग 1 किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, 10 किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात, आणि भरपाई मिळते ती मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे सरकारी पशुवैद्यकांना फोन करणाऱ्याच्या कोंबड्या गेल्या, शेजारणीच्याही गेल्या (ती वर्षभर बोलणार नाही ते वेगळंच), वाचले कोण तर तालुक्यातले पोल्ट्रीवाले.

मग सरकारनेच फिरून शोधावं ना? शोधा की, पण मोठ्या भागात शेकडा 5 कोंबड्यांना लागण असेल तर निदान एक तरी सापडेल याची 95 टक्के खात्री हवी म्हणून साधारण 59 नमुने लागतात, आणि शेकडा एकच आजारी असेल तर 299! रोग जितका कमी तितका शोधायला महाग, आणि आपल्याला तर तो कमी असतानाच पकडायचाय. त्यात गाडी, बर्फ, माणसं, पक्कं निदान करायचं तर नमुना भोपाळच्या लॅबपर्यंत. पाच कोंबड्यांचे स्वॅब एकाच नळीत घालून खर्च वाचवतात, तरी गावोगाव असं परवडत नाही.

दुधाचं त्यामानाने बरं, अँटिबायोटिकसाठी टँकरचा एकच नमुना तपासायचा, सापडलं तर मागे कॅनपर्यंत जायचं. अर्थात एका गाईचं औषध एवढ्या दुधात विरळ होऊन निसटूही शकतं.

कोंबड्यांत मात्र सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइन नंबरवर केलेला तो फोन, कारण मेलेल्या कोंबडीत रोग सापडायची शक्यता धडधाकट कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून भरपाईला मी मदत म्हणत नाही, तो तपासणीचाच खर्च आहे. आणि बातमी फुटली की रत्नागिरीतही चिकनचा भाव पडतो, 70 अंशाला शिजवलं की विषाणू मरतो हे कितीही ओरडून सांगा. तो फटका पोल्ट्रीवाल्यांनाच बसतो, मग त्यांनीच पक्ष्यामागे आठ आणे काढून खुराडंवाल्यांची भरपाई वाढवली तर?