हाफलिंगची ढांग किती लांब?

मागच्या रविवारी कोथरूडला आमच्या डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबलावर चक्क भांडण झालं. माझ्या भाचीचं पात्र म्हणजे हाफलिंग (बुटक्या माणसांची काल्पनिक जमात) बार्बेरियन, रांगडी लढवय्यी, उंची तीन फूट, ताकदीचा आकडा २०, म्हणजे खेळातली नेहमीची कमाल. तिने एका बेशुद्ध शिपायाला खांद्यावर टाकलं आणि भुयारातून चालायला लागली, तर डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियम सांभाळणारा) म्हणाला थांब, हे काय रियलिस्टिक नाही, आजपासून लहान रेसेसना, म्हणजे जमातींना, ताकदीत मायनस दोन. भाची म्हणाली, "मामा, बघ ना, हा मधेच नियम बदलतोय!" मामा फिजिक्स शिकवतो म्हणून पंच मीच.

आता "ड्रॅगन उडतो ते चालतं, मग हे का नाही" असं लगेच कोणीतरी म्हणतंच, आमच्याकडेही म्हणालं. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. ड्रॅगन जादूने उडतो हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं, हाफलिंग शिपायाला उचलते ती मात्र स्नायूंनीच. तेव्हा गणित करायचं तर जरूर करू, फक्त मग सगळं करायचं, सोयीचं तेवढंच नाही.

भांडण जुनंच आहे. खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात हाफलिंगच्या ताकदीला १७ ची मर्यादा होती, आणि बाई असेल तर १४ ची (हे भाचीला मी मुद्दाम सांगितलं नाही). २००० मध्ये ते सरळ मायनस दोन झालं, २०१४ मध्ये तेही गेलं, राहिलं काय तर मोठी हत्यारं नीट वापरता न येणं आणि चाल (एका खेळीत जेवढं अंतर चालता येतं ते) ३० ऐवजी २५ फूट. २०२४ मध्ये चालसुद्धा ३० झाली. कारण सरळ आहे, टेबलावर चार तास बसणारा माणूस असतो, हाफलिंग नाही, आणि त्याचा आकडा कायम कमी असेल तर तो पुढच्या रविवारी येत नाही.

ताकदीचं गणित शाळेतलंच आहे. उंची निम्मी केली की स्नायूचा छेद चौथा हिस्सा आणि वजन आठवा हिस्सा. स्नायूचा जोर छेदावर ठरतो, म्हणून लहान प्राणी एकूण कमजोर पण स्वतःच्या वजनाच्या मानाने जबरदस्त. नईम सुलेमानोग्लू हा तुर्की वेटलिफ्टर १४७ सेंटीमीटर उंच, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलोच्या गटात त्याने १९० किलो डोक्यावर नेले, तिपटीहून जास्त. त्यालाच आखडून तीन फुटांचा केला तर साधारण ७३ किलो निघतात, तेही एकदाच. आणि २०१४ च्या नियमाने भाचीची १८ किलोची हाफलिंग १३६ किलो दिवसभर वाहून नेते! म्हणजे डीएमचं चूक नाही. पण तेच १३६ किलो आमच्या टेबलावरचा मानवी सरदारही दिवसभर वाहतो, त्यावर कोणी ब्र काढला नव्हता.

(मुंगी माणसाएवढी असती तर ट्रक उचलला असता, हा फॉरवर्ड ज्यांना येतो त्यांनी वरचा परिच्छेद परत वाचा, माणसाएवढी मुंगी स्वतःच्या पायांवर उभीसुद्धा राहणार नाही. आणि तो घटोत्कचाचा सांगाडा सापडल्याचा फोटो, तो फोटो-एडिटिंगच्या स्पर्धेसाठी बनवलेला होता, काकांना सांगा.)

आता माझा आवडता भाग, चाल. भाचीचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे, उंचीने अगदी हाफलिंगच. लक्ष्मी रोडवर तो बापाचं बोट धरून चालतो तेव्हा नीट बघा, चार पावलं चालतो, मग दुडूदुडू पळतो, परत चालतो. बाप मात्र आरामात चाललेला असतो. हे काही पोराचा खोडसाळपणा नाही. चालताना टेकलेला पाय काठीसारखा ताठ असतो आणि धड त्या काठीच्या टोकावरून कमानीत पुढे जातं, उलटा लंबक म्हणा. कमानीत फिरायचं तर केंद्राकडे ओढणारं बळ हवं, आणि इथे ओढणारं फक्त गुरुत्वाकर्षण आहे. लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी, आणि हाताशी असलेलं ९.८. लागणारं जास्त झालं की पाय जमिनीवर टिकतच नाही, पळावं लागतं. या दोन्हींच्या गुणोत्तराला फ्रूड अंक म्हणतात, विल्यम फ्रूड हा एकोणिसाव्या शतकातला जहाजांचा इंजिनिअर, छोट्या मॉडेलवरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधायचा. गणिताने मर्यादा १ येते पण माणसं ०.५ च्या आसपासच पळायला लागतात. ९० सेंटीमीटर पायाला हा वेग येतो सेकंदाला २.१ मीटर, ४५ सेंटीमीटर पायाला जेमतेम १.५. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहावा हिस्सा, म्हणून अपोलोचे अंतराळवीर चालायचं सोडून उड्या मारत फिरायचे. १९७६ मध्ये याच अंकावरून, दगडात उमटलेल्या पावलांवरून डायनासोरांचे वेग काढले गेले, मला तर हे दर वेळी सांगताना अंगावर काटा येतो, असो. मुद्दा काय, निम्म्या पायाची चाल निम्मी होत नाही, वर्गमुळात जाते, साधारण ०.७ पट. ३० फुटांचे २१ फूट. २०१४ चे २५ खूप, आणि २०२४ चे ३० म्हणजे निव्वळ सौजन्य.

पण उडीत हिशोब उलटतो. स्नायूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि उचलायचं वजनही त्याच प्रमाणात, दोन्ही कटतात, म्हणून लहानमोठे प्राणी ढोबळमानाने सारखीच उडी मारतात. बोरेली नावाच्या इटालियन माणसाने हे सतराव्या शतकातच ओळखलं होतं. गेममध्ये लांब उडी म्हणजे ताकदीचा आकडा तेवढे फूट, तेव्हा आकारापायी ताकद कापली तरी उडी कापायची नाही.

तर माझा निकाल असा गेला: मायनस दोन मान्य, चाल २१, उडी जुन्याच आकड्याने, आणि सरदाराचं ओझंही निम्मं. डीएमने शेवटचं वाक्य वाचलंच नाही बहुतेक.

या रविवारी भुयारात बरोबर वीस फुटांचा खड्डा निघाला. भाचीने पात्राच्या शीटवर ताकदीच्या १८ च्या शेजारी "उडी २०" असं पेनाने लिहून ठेवलं होतं, ती मागे सरली आणि पळत आले म्हणाली. डीएमने माझ्याकडे बघितलं. मी बाकरवडी खात होतो.