झेप आणि झेपणं: वरच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबचे दोन हिशेब

२७ मे २०२३ ची रात्र. पावसाळी मासेमारी बंदीला चार दिवस उरले होते. दिवसभर होड्या वर ओढून दमलेली आमच्या वाडीतली पाच-सहा पोरं मालवणच्या किनाऱ्यावर एका मोबाइलभोवती बसली होती. लंडनच्या वेम्बली मैदानावर ल्युटन टाउन विरुद्ध कॉव्हेंट्री सिटी हा फुटबॉलचा सामना चालू होता. जिंकणारा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, जाणार होता. १-१ अशी बरोबरी झाली, पेनल्टीवर ल्युटनने ६-५ ने बाजी मारली. २०१४ पर्यंत इंग्लंडच्या पाचव्या पायरीवर खेळणारा क्लब नऊ वर्षांत सर्वांत वर पोचला होता. पोरं वाळूत नाचली. ल्युटन कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि त्याच पोरांची ल्युटनबद्दल तक्रार सुरू झाली. "काका, मालक पैसो सोडणा नाय. हेंका वर रवाचाच नाय!"

मी मच्छीमार सोसायटीत डिझेलचे आणि कर्जाचे हिशेब लिहितो. वर गेल्यावर पैसे सोडलेच पाहिजेत, हे वाक्य मी होड्यांच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय की फुटबॉलमध्ये ते ऐकून मला कान टवकारावेच लागले. बांगड्याचा एक हंगाम बरा गेला, की सहा सिलिंडरचं इंजिन आणि मोठी जाळी. पुढच्या वर्षी बांगडा आला नाही, तरी बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो.

मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. एक झेप, दुसरा झेपणं. क्लब वर गेला की लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. झेप म्हणजे कुठवर जायचंय ते. झेपणं म्हणजे तिथे पोचलो नाही, किंवा पोचून खाली आलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबचं कुलूप कोण उघडणार ते. मोठा खेळाडू विकत घेतला म्हणजे झेप मोठी असं होत नाही. आणि नाही घेतला म्हणून मालकाच्या मनात वर जायचंच नाही, असंही होत नाही. खर्च हा दोन्हींपासून वेगळा तिसराच आकडा आहे, आणि पोरं भांडतात ती नेमकी त्यावर.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. प्रीमियर लीगमध्ये अगदी तळाला राहिलेल्या क्लबलाही एका हंगामात १० कोटी पौंडांच्या वर मिळतात, म्हणजे हजार कोटी रुपयांहून जास्त. एक पायरी खाली उतरलं की यातला फार थोडा हिस्सा उरतो. पडझडीचा धक्का बसू नये म्हणून उतरलेल्या क्लबला लीग काही वर्षं आधाराची रक्कम देते. प्रक्षेपणाच्या पैशाचा जो सारखा वाटा सगळ्या क्लबना मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के अशी ती असते. जो क्लब वर जाऊन एकाच हंगामात परत आला, त्याला ती दोनच वर्षं मिळते.

आता दुसरी बाजू. खेळाडूशी करार होतो तीन, चार, पाच वर्षांचा. उत्पन्नाची खात्री एका हंगामाची आणि पगाराचा शब्द पाच वर्षांचा, हे या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. २०२३ मध्ये वर गेलेले तिन्ही क्लब, म्हणजे बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्युटन, २०२४ मध्ये खाली आले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन वर गेले आणि तेही तिन्ही परत आले. त्यांत इप्सविचने हात आखडता घेतला नव्हता. त्यामुळे पैसे सोडले की राहता येतं, हे गणित तेवढं सरळ नाही.

हे पोरांना समजवायला मला रापणीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, उपयोग झाला. रापणीत पगार नसतो, वाटा असतो. जाळं भरून आलं तर सगळ्यांच्या पदरात भर पडते, रिकामं आलं तर सगळ्यांचेच हात रिकामे. मोठ्या यांत्रिक नौकेवर खलाशाला ठरलेला पगार असतो आणि हंगामाआधी उचलही दिलेली असते. मासळी मिळो वा न मिळो, तो पैसा द्यावाच लागतो. म्हणून वाईट वर्षात मोठी नौका बुडीत जाते आणि रापण तग धरते. शहाणे क्लब खेळाडूंच्या करारात असाच वाट्याचा नियम लिहून घेतात. संघ खाली उतरला तर पगार अमुक टक्क्यांनी कमी होईल, असं कलम असतं. बातमीत खेळाडूची किंमत छापून येते, हे कलम येत नाही. क्लबला ते झेपतंय का, याचं उत्तर मात्र बरंचसं त्या कलमात असतं. नवा खेळाडू आला की पोरं किंमत विचारतात. मी त्यांना सांगतो, करार किती वर्षांचा आणि उतरलो तर पगार किती, ते आधी विचारा.

हिशेबाची आणखी एक खाच आहे. ५ कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल, तर वहीत दर वर्षी १ कोटीच खर्च पडतो. उलट आपल्याच अकादमीत वाढलेलं पोर विकलं, तर आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून त्याच वर्षी जमा होते. म्हणून अडचणीतल्या क्लबला सगळ्यात आधी घरचं पोर विकावंसं वाटतं. मला ही गोष्ट फार लागते. गावाने ज्याला लहानपणापासून पाहिलंय, तोच वहीत सगळ्यात सोयीचा ठरतो.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. २३ वर्षांनी, २०२२ मध्ये, ते प्रीमियर लीगमध्ये परतले आणि एका उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू घेतले. मालक एव्हांगेलोस मारिनाकिस, ग्रीसचे जहाजमालक. लीगचा तेव्हाचा नियम असा होता, की तीन वर्षांत मिळून ठरावीक मर्यादेपलीकडे तोटा करता येत नसे. वरच्या लीगमधल्या वर्षाला साडेतीन कोटी पौंड आणि खालच्या लीगमधल्या वर्षाला १ कोटी ३० लाख, असा हिशेब. फॉरेस्टची दोन वर्षं खाली आणि एक वर गेलं होतं, म्हणून त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाख झाली. ते तिच्यावर आणखी ३ कोटी ४५ लाख गेले. मार्च २०२४ मध्ये त्यांचे ४ गुण कापले गेले. त्यांनी अकादमीतला ब्रेनन जॉन्सन टॉटनहॅम क्लबला विकला होता, पण १ सप्टेंबर २०२३ ला, आणि वही ३० जूनला बंद झाली होती. थांबल्यामुळे किंमत चांगली आली, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही.

तरीही फॉरेस्ट टिकलं. गुण कापूनही ३२ गुणांवर संपवलं, आणि २६ गुणांचं ल्युटन खाली गेलं. पुढच्या हंगामात फॉरेस्ट सातव्या क्रमांकावर आलं. पोरं मला हे दर वेळी ऐकवतात आणि मी ते मान्य करतो. त्यांची झेप खरी होती. पण पैज लावली होती ती एका माणसाच्या खिशावर. तो खिसा भक्कम होता म्हणून आज ही कथा यशाची म्हणून सांगता येते.

खिसा आजारी पडला तर काय होतं, हे स्कॉटलंडच्या ग्रेटनाने पाहिलं. तीनेक हजार वस्तीचं गाव, आपल्याकडच्या एखाद्या बंदरगावाएवढं. २००२ मध्ये क्लबला लीगमध्ये प्रवेश मिळाला. ब्रुक्स माइलसन या मालकाने पैसा ओतला. २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षं बढती मिळाली आणि मधल्या वर्षी स्कॉटिश कपची अंतिम फेरीही गाठली. वरच्या लीगच्या अटीत बसेल असं मैदानच गावात नव्हतं, म्हणून घरचे सामने मदरवेलच्या मैदानावर झाले. मग मालक आजारी पडला, पैसा थांबला, मार्च २००८ मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि त्याच उन्हाळ्यात संपला. त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने सहा वर्षांत काय काय पाहिलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

इंग्लंडच्या बरी या क्लबचं तर मला अधिक वाईट वाटतं. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप विजेता. २०१९ च्या वसंतात त्यांना तिसऱ्या पायरीवर बढती मिळाली. खेळाडूंचे पगार थकलेले होते आणि तरी ते जिंकत होते. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने त्यांना बाहेर काढलं. मैदानावर वर, वहीत खाली, दोन्ही एकाच वर्षात. गुणतक्त्यात क्लबची प्रकृती दिसते असं ज्याला वाटतं, त्याने बरीकडे बघावं.

इंग्लंडच्याच लीड्स क्लबची गोष्ट बढतीनंतरची नव्हे, पण जातकुळी तीच. मोहर यायच्या आधीच बाग विकावी, तसं त्यांनी पुढच्या कितीतरी वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंडांचं कर्ज काढलं. २००१ मध्ये युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, २००४ मध्ये वरच्या लीगमधून बाहेर, २००७ मध्ये तिसऱ्या पायरीवर. वर परत यायला २०२० उजाडलं.

आता ल्युटनकडे परत. त्यांचं केनिलवर्थ रोड मैदान जेमतेम १२ हजारांचं. वर गेल्यावर एक अख्खी बाजू नव्याने बांधावी लागली आणि त्यापायी घरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला. हात आखडता घेण्यामागे त्यांची जुनी जखम होती. २००८-०९ चा हंगाम त्यांनी आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीच्या कारणाने उणे ३० गुणांवरून सुरू केला होता आणि ते लीगबाहेर फेकले गेले होते. ज्या घराने एकदा जप्ती पाहिली, ते घर परत उंबरठ्याबाहेर पाय टाकताना दहादा बघतं. पण म्हणून ल्युटनला झेपलंच, असंही मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये ते उतरले आणि आधाराची रक्कम हाती असूनही २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली गेले. पैसे जपले की आपोआप टिकाव लागतो, हाही भ्रमच. जपलेल्या पैशातून संघ पुन्हा उभा करायचं कसब वेगळंच असतं.

ते कसब मला लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबमध्ये दिसतं. २०२० मध्ये ते बढतीचा अंतिम सामना हरले. दुसरा एखादा क्लब असता तर चिडून कर्ज काढून खेळाडू घेतला असता. यांनी आपला मुख्य गोल करणारा ऑली वॉटकिन्स विकला आणि पीटरबरोहून आयव्हन टोनीला आणलं. टोनीने त्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले आणि २०२१ मध्ये, ७४ वर्षांनी, ब्रेंटफर्ड सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचलं. मॅथ्यू बेनहॅम या मालकाने स्वतःचे पैसे घातलेत, ते लपवायचं कारण नाही. पण कोण जाणार, त्याच्या जागी कोण येणार, हे तो जायच्या आधीच ठरलेलं असतं. इथे झेप आणि झेपणं एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी चालू आहे. त्यासाठी त्यांनी २०१६ मध्ये आपली अकादमीही बंद केली होती. ते मला पटत नाही, तरी हिशेब म्हणून समजतं.

आपल्या शेजारी गोव्यात या सगळ्याला तिसरा फाटा फुटला. धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. २०१५ मध्ये ते उतरले, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून परत वर आले, आणि मग खेळलेच नाहीत. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांच्यासोबत त्यांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. नव्या रचनेत ही लीगच खालच्या पायरीवर जाणार होती. जिथे वर जायची वाटच बंद, तिथे पैसा कशाच्या भरवशावर घालायचा? राष्ट्रीय लीगमध्ये ते २०२४ मध्ये परतले. कोलकात्याच्या मोहम्मेडन क्लबचं उलटं झालं. वाट उघडली, २०२४ मध्ये आय-लीग जिंकून ते आयएसएल या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेले आणि पहिल्याच हंगामात पगार थकल्याच्या बातम्या आल्या. संघ तळाला राहिला. १८९१ चा क्लब आहे हा. बढतीचं पत्र मिळालं, खर्च उचलणारा खांदा सोबत आला नाही.

हे सगळं मी आता मांडतोय, कारण यंदा आमच्या वाडीतला संघ इथल्या स्पर्धेत वरच्या गटात गेलाय. एका हॉटेलवाल्याने या पर्यटन हंगामापुरते पैसे कबूल केलेत. पोरांना म्हापशाहून दोन खेळाडू आणायचे होते, सगळ्या हंगामाचं मानधन ठरवून. मी सोसायटीतली एक कोरी वही नेली आणि समोरासमोरची दोन पानं उघडली. डाव्या पानावर कुठवर जायचंय ते लिहायला सांगितलं. पोरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि मीही त्याला हो म्हटलं. उजव्या पानावर मी एकच प्रश्न लिहिला: "हॉटेलवालो पुढच्या वर्षी नाय इलो तर?"

तासभर वाद झाला. शेवटी एकच पाहुणा खेळाडू ठरला, तोही सामन्यागणिक पैशावर. उरलेल्या रकमेतून गोलकीपरला शिकवायला आठवड्यातून एकदा सावंतवाडीहून एकजण येईल, दोन वर्षांसाठी. बसभाड्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. पहिला सामना दिवाळीनंतर आहे.