उन्हाळी परसबाग (इंदूर)

उन्हाळी परसबाग (इंदूर) : घराच्या परसात, अंगणाच्या कडेला किंवा वसाहतीतील मोकळ्या भूखंडावर माघ-फाल्गुनात लावलेली आणि ज्येष्ठात पाऊस पडेपर्यंत चालणारी भाजीपाल्याची व मोजक्या फळझाडांची लागवड. प्रस्तुत नोंदीत माळव्याच्या काळ्या जमिनीतील, विशेषतः इंदूर व परिसरातील पद्धतीचा विचार केला आहे. येथील मराठी घरांत भाज्यांची मराठी आणि हिंदी-माळवी नावे शेजारी शेजारी नांदतात : दोडका म्हणजे तुरई, घोसाळे म्हणजे गिलकी, ढेमसे म्हणजे टिंडा, चवळीच्या शेंगा म्हणजे बरबटी, तांदुळजा म्हणजे चौलाई. बी घेताना यातून घोटाळा होतो, कारण ‘तुरई’ हे नाव काही जण दोडका व घोसाळे या दोहोंना लावतात. नावापेक्षा बियांवरून ओळख पक्की पटते. दोडक्याचे बी काळे व खडबडीत असते, तर घोसाळ्याचे गुळगुळीत असून त्याच्या कडेला पातळ पंखासारखी किनार असते.

पूर्वपीठिका : घराला लागून भाजीचे वाफे असावेत हा विचार जुना आहे. कामसूत्रात (काळाविषयी मतभेद, साधारणपणे इ.स. 2 रे ते 4 थे शतक) गृहिणीने परसात भाज्यांचे वाफे करावेत व मध्ये विहीर खणवावी असे सांगितले आहे. माळव्याच्या दृष्टीने अधिक जवळचा आधार वराहमिहिराचा. सहाव्या शतकातील हा ग्रंथकार अवंतीचा, म्हणजे उज्जैन परिसरातला. बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदविषयक अध्यायात तो सांगतो, की लावलेल्या झाडांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तर पाणी द्यावे. हा नियम नव्याने लावलेल्या रोपांपुरता समजावा. मुळे धरलेल्या वेलींना काळ्या जमिनीत रोज दोनदा पाणी देणे अपायकारक ठरते. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

आधुनिक काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराला सादर केलेल्या नगररचना-अहवालात शहरातील टाकाऊ सेंद्रिय द्रव्य बागांच्या मातीकडे वळवण्यावर भर दिला. त्यानंतर सहा वर्षांनी याच शहरात कंपोस्टवर काम सुरू झाले. केवळ स्थळ एक म्हणून या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडणे मात्र उचित नाही.

इंदूर पद्धतीचे खत आणि तिच्या उगमाचा वाद : अ‍ॅल्बर्ट हॉवर्ड (1873–1947) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतील नोकरीनंतर 1924 मध्ये इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख झाले आणि 1931 पर्यंत तेथे होते. संस्थेसाठी होळकर संस्थानाने जमीन दिली होती. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. तेथे सिद्ध झालेली खताची कृती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिचे श्रेय कोणाचे, याविषयी तीन मते आहेत.

पहिले मत चीनकडे बोट दाखवते. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया व जपानमधील शेतीचे वर्णन 1911 मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि हॉवर्ड यांनी त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. दुसरे मत असे, की ही कृती म्हणजे आपल्याकडचा उकिरडाच सुधारून घेतलेला आहे. तिसरे मत समकालीन प्रयोगशाळांना महत्त्व देते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात हचिन्सन व रिचर्ड्स यांनी 1921 च्या सुमारास पेंढ्यापासून कृत्रिम शेणखत बनवले होते, आणि रसायनशास्त्रज्ञ फाउलर यांचे भारतातील कंपोस्टविषयक कामही याच काळातले आहे.

तिन्ही मतांत तथ्य आहे. तरीही कर्ब-नत्राचे (कार्बन-नायट्रोजनचे) आरंभीचे प्रमाण सुमारे 33 : 1 ठेवणे, ओलावा व हवा यांचा मेळ, आणि ठरावीक अंतराने ढीग परतण्याचे वेळापत्रक ही सर्व अंगे एकत्र बसवून खेड्यात करता येईल अशी कृती घडली ती इंदूरलाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या कामात रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे यशवंत वाड यांचे नाव 1931 च्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने सहलेखक म्हणून छापलेले आहे. नंतरच्या सेंद्रिय शेतीविषयक लेखनात मात्र ते बहुधा गळते. इंदूर पद्धत एकट्या हॉवर्ड यांची म्हणणे त्यामुळे न्याय्य नाही.

मूळ कृतीत सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद व 2 ते 3 फूट खोल खड्डे असत. पालापाचोळ्याचा सुमारे 15 सेंमी. थर, त्यावर सुमारे 5 सेंमी. शेण, वर गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख, मग पाणी, असे थर रचत. दोन-तीन आठवड्यांनी पहिल्यांदा व पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्यांदा परतून दोन महिन्यांनी खत बाहेर ढिगात काढत. तीन महिन्यांत ते वापरण्याजोगे होई. आत उष्णता 60–65° से.पर्यंत चढते, आणि त्यातच तणांचे बी व रोगबीजे मरतात. सी. एन. आचार्य यांची 1939 ची बंगलोर पद्धत याहून वेगळी आहे. तीत परतणी नसते, ढीग लिंपून बंद करतात आणि खत होण्यास जास्त महिने लागतात.

परसबागेला एवढा खड्डा लागत नाही, पण ढीग एक मीटर लांब, रुंद व उंच याहून लहान केला तर तो तापतच नाही. कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, हा मूळ नियम इंदूरच्या हवेला आजही लागू आहे. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा : मूठ आवळल्यावर एखादा थेंब सुटेल इतकाच. आंबूस दुर्गंधी आली तर पाणी जास्त व हवा कमी आहे असे समजून सुका पाला मिसळून ढीग परतावा. आतला पाला कोरडा, राखाडी-पांढरट दिसला तर ढीग तहानलेला आहे. फेब्रुवारीच्या पेरणीसाठी लागणारे खत नोव्हेंबरच्या आरंभीच रचावे लागते. शिशिरात गळणारा पाला त्या हंगामाला खत म्हणून उपयोगी पडत नाही. तो आच्छादनाला ठेवावा. कच्चे खत घातल्यास कुजताना ते मातीतील नत्र ओढून घेते व रोपे पिवळी पडतात; कच्च्या शेणाने वाळवीही येते.

जमीन : माळव्याच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात हाच मुख्य प्रश्न असतो. भेग पडताना बारीक मुळे तुटतात, खोलवरची ओल भेगेतून उडून जाते, आणि दिलेले पाणी मुळांना न भेटता भेगेतून थेट खाली उतरते. म्हणून पाणी देण्याआधी भेगा खुरप्याने, सुक्या मातीने किंवा खताने बुजवाव्यात. मशागत वाफसा असतानाच, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशा ओलीवर, करावी. ओल्या मातीला कुदळ लावली तर विटेसारखी ढेकळे होतात, आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत ती फुटत नाहीत. माती बहुधा विम्लधर्मी व चुनखडीयुक्त असल्याने लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. यावर दरवर्षी प्रति चौरस मीटर 4–5 किग्रॅ. कुजलेले खत घालणे हाच टिकाऊ उपाय. वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण निम्म्याच्या आसपास वाळू घातल्याशिवाय चिकणमातीचा पोत बदलत नाही, म्हणून तो खर्च करू नये.

पेरणी : सुमारे 550 मी. उंचीवरील इंदुरात फेब्रुवारीच्या रात्री अजून थंड असतात आणि मेमध्ये दुपारचा पारा 40° से.च्या आसपास जातो. म्हणजे फळधारणेला सोयीचा काळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, जेमतेम सहा-सात आठवड्यांचा. सगळे वेळापत्रक त्यावरून उलटे मोजावे. दुधी, दोडका, घोसाळे, काकडी व कारले यांची रोपे जानेवारीअखेर पिशव्यांत करावीत आणि दोन ते चार पाने असतानाच मातीच्या गोळ्यासह लावावीत. मूळ हलले की वेल आठवडाभर रुसतो. थेट पेरणी 15 फेब्रुवारी ते 10 मार्चच्या दरम्यान. भेंडीचे बी गार मातीत कुजते; ते 12 तास भिजवून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पेरावे. कारल्याच्या बियांचे टोक नखे कापण्याच्या कात्रीने किंचित कापून त्या 24 तास भिजवाव्यात.

वेलांसाठी 60 सेंमी. रुंद व 45 सेंमी. खोल आळे खणून त्यात 3–4 किग्रॅ. खत मिसळावे. तीन-चार बिया टोकून शेवटी दोनच रोपे राखावीत. मांडवावरील दुधीला आळ्यांत दोन मीटर अंतर लागते. उन्हाळी भेंडी 45 × 20 सेंमी.वर दाट लावतात, कारण पानांची सावली पडून जमीन कमी तापते. गवार व चवळी थेट पेरावी. टोमॅटो या हंगामाचा नव्हे. दिवसा 35° से.च्या वर आणि रात्रीही उबारा राहिला की त्याचा फुलोरा गळतो. डिसेंबरात लावलेली झाडे एप्रिलपर्यंत काढून घ्यावीत. पालकही एप्रिलमध्ये लगेच तुऱ्यावर येतो. त्याऐवजी तांदुळजा, माठ, अंबाडी किंवा मायाळू घ्यावा.

अक्षय्य तृतीयेला आळी घालून बी लावण्याची प्रथा महाराष्ट्रातून येथे आलेल्या घरांना परिचित आहे. ती पावसाळी वेलांसाठी योग्य आहे; उन्हाळी पिकाला तोवर उशीर झालेला असतो.

पाणी : एक मिमी. पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मेमध्ये भरात आलेले पीक दिवसाला 6–8 मिमी. पाणी उडवते, म्हणजे 20 चौरस मीटरच्या बागेला रोजचे 120–160 लिटर लागते. तेवढे पाणी नसेल तर बाग लहान ठेवावी. अर्धवट पाण्यावर मोठी बाग जगवता येत नाही. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्या तापणाऱ्या थरातच राहतात. तीन-चार दिवसांआड, पहाटे किंवा सूर्यास्तानंतर आळे भरून पाणी द्यावे. खुरप्याने 10 सेंमी. उकरून माती हाताला गार व ओलसर लागत असेल तर पाळी पुढे ढकलावी. दुपारी पाने मरगळली तरी संध्याकाळी उभी राहत असतील तर ती तहान नव्हे. आच्छादन 5–8 सेंमी. जाडीचे हवे, त्यासाठी गव्हाचा भुसा, सोयाबीनचे कुटार किंवा सुका पाला चालतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी.

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या, भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मडक्याने पाणी देण्याची रीत कोठली, याविषयीही एकमत नाही. तिचा जुना लेखी उल्लेख इ.स.पू. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या चिनी कृषिग्रंथात आहे. पण कुंभार जेथे आहेत तेथे ती स्वतंत्रपणे सुचली असणे अशक्य नाही. 8–10 लिटरच्या मडक्याभोवती चार वेल लावून दर दोन-तीन दिवसांनी ते भरावे व झाकावे. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांनी मडक्याची छिद्रे एक-दोन हंगामांत बुजतात. पाणी उतरण्याचा वेग मंदावला की मडके काढून काथ्याने घासावे.

फुले व फळधारणा : वेलीला फुले येतात पण फळ धरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. पहिली सर्व फुले नरच असतात, आणि ऊन व दिवसमान वाढले की नरफुलांचे प्रमाण आणखी वाढते. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते. दुधी व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. घोसाळे, काकडी, भोपळा व कारले यांची पहाटे ते सकाळी. त्यामुळे हाताने परागीकरण करायचे तर दुधीला दिवेलागणीच्या वेळी जावे लागते. सकाळी केलेला खटाटोप वाया जातो. ताजे नरफूल तोडून, पाकळ्या मागे सारून त्याचे पुंकेसर मादीफुलाच्या कुक्षीवर (मधल्या चिकट टोकावर) हलकेच टेकवावे. एका नरफुलात दोन-तीन मादीफुले होतात.

रोग व किडी : कोवळ्या रोपांवरील तांबड्या भुंगेऱ्यांवर पहाटे, दव असताना, चाळलेली राख टाकावी. इवली फळे टोचलेली व वाकडी झाली तर फळमाशी समजावी. दोन दिवसांच्या फळाला कागदी पिशवी बांधावी, क्यू-ल्युरचा (नरमाश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा) सापळा टांगावा आणि किडकी फळे खतात न टाकता खोल पुरावीत. भेंडीचा हळद्या रोग पांढरी माशी पसरवते. रोगट झाड सुधारत नाही, ते उपटावे. परभणी क्रांती व अर्का अनामिका हे वाण या रोगाला प्रतिकारक म्हणून काढले गेले; मात्र त्यांचा प्रतिकार आता अनेक ठिकाणी ढासळला आहे. पाने खालून धुरकट व जाळीदार दिसली तर कोळी आहेत. पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. दुधी किंवा काकडीचे देठाकडचे टोक कच्चे चाखून पाहावे. कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकावे, शिजवूनही खाऊ नये. कुकर्बिटासिन या द्रव्याने गंभीर विषबाधा होते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कडू दुधीच्या रसाविषयी इशारा दिलेला आहे.

फळझाडे : परसात पपई, लिंबू, पेरू, शेवगा व फालसा ही झाडे सोयीची. पपई उंचवट्यावर लावावी. काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचले की खोड सडते. पेरूची गोष्ट वेगळी आहे. हिवाळ्यात गोड फळ देणारा मृग बहार (पावसाच्या आरंभी येणारा फुलोरा) हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण द्यावा, म्हणजे त्याचे पाणी तोडावे लागते. भाजीच्या वाफ्यालगतचा पेरू झिरपते पाणी पिऊन तो ताण मोडतो आणि पावसाळ्यात पाणचट, किडकी फळे देतो. म्हणून पेरू वाफ्यांपासून निदान तीन-चार मीटर दूर असावा.