हिप-हॉपमधील मिरवणे

हिप-हॉप संस्कृतीत, म्हणजे रॅप गाणी आणि त्यांभोवतीच्या नाच-पेहरावाच्या संस्कृतीत, कपडे, बूट, दागिने, गाड्या आणि महागडे मद्य यांतून, तसेच गाण्यांत त्यांची नावे घेऊन, आपली ऐपत आणि पत चारचौघांत दाखवण्याची रीत. अमेरिकी बोलीत तिला काळानुसार ‘फ्लॉसिंग’, ‘स्टंटिंग’, ‘फ्लेक्स’, ‘ड्रिप’ अशी नावे पडत गेली. हिऱ्यांच्या झगमगाटाला ‘ब्लिंग’ किंवा नुसते ‘आइस’ म्हणतात. मराठीत ‘मिरवणे’ हा शब्द तिला चपखल बसतो, कारण मिरवायला बघणारे लागतात, आणि तेही ओळखीचे लागतात. या रीतीला चंगळवाद म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण ही रीत कुठल्या गल्ल्यांतून आणि कशामुळे आली हे न पाहता केलेला निवाडा अर्धवट राहतो.

नव्या कपड्यांसाठी एक रात्र

11 ऑगस्ट 1973 हा हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरील करमणुकीच्या खोलीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजवल्या. कार्यक्रम मात्र त्याच्या बहिणीचा, सिंडीचा होता. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. नेहमीच्या फोर्डहॅम रोडवर सगळेच खरेदी करायचे. तिला डिलॅन्सी स्ट्रीटवर जायचे होते, कारण तिथे इतरांकडे नसलेल्या वस्तू मिळत. त्यासाठी पैसे जमवायचे म्हणून तिने खोली भाड्याने घेतली, हाताने आमंत्रणे लिहिली आणि प्रवेशाला मुलींकडून 25 सेंट, मुलांकडून 50 सेंट घेतले. पुढे जगभर पसरलेल्या या संस्कृतीच्या पहिल्या रात्रीमागे एका शाळकरी मुलीची चारचौघींत उठून दिसण्याची इच्छा होती, ही गोष्ट इतिहास सांगताना बहुतेक वेळा ओझरती उरकली जाते. तसे होऊ नये.

त्या काळचे ब्राँक्स उद्ध्वस्त होत होते. क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने वस्त्या मधोमध चिरल्या होत्या, कारखाने बंद पडत होते, इमारतींना रोज आगी लागत होत्या. अशा ठिकाणी मुलाच्या ताब्यात असते ते फक्त स्वतःचे शरीर आणि अंगावरचे कपडे. म्हणून बूट पांढरे राखण्यासाठी दात घासायचा ब्रश वापरला जाई. रुंद नाड्या विकत मिळत नसत, तेव्हा साध्या नाड्या ताणून, खळ लावून, इस्त्री करून रुंद केल्या जात. पट्ट्याच्या बक्कलवर स्वतःचे नाव असे, स्वेटशर्टावर कापडी अक्षरे इस्त्रीने चिकटवलेली असत. यात पैसा कमी आणि मेहनत जास्त होती. ‘फ्रेश’ हा शब्द कौतुकाचा झाला तो या मेहनतीमुळे.

शब्दांतली बढाई त्याहून जुनी आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या मौखिक परंपरेत आणि जमैकाच्या साउंड सिस्टिममध्ये (मोठे ध्वनिक्षेपक लावून उघड्यावर गाणी वाजवणाऱ्या गटांत) स्वतःची थोरवी गाणे ही एक कलाच होती. 1979 साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले. त्यात बिग बँक हँक आपल्याकडे लिंकन कॉन्टिनेन्टल आणि छत उघडणारी कॅडिलॅक अशा दोन गाड्या असल्याचे सांगतो. हँक तेव्हा न्यू जर्सीतल्या एका पिझ्झाच्या दुकानात कामाला होता, आणि त्या ओळी मूळच्या ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या होत्या. कॅझकडेही त्या गाड्या नव्हत्या. रॅपमधली श्रीमंती अशी आधी शब्दांत आली. बँकेत यायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती आलीच नाही.

अंगावरचेच का?

अमेरिकेत मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः राहत्या घरातून उभी राहिली. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल दाखवल्या, म्हणजे कर्ज देण्यास धोक्याच्या ठरवल्या. याला ‘रेडलायनिंग’ म्हणतात. तिथल्या कुटुंबांना घरासाठी कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले आणि त्याची झळ पुढच्या पिढ्यांनाही लागली. घर घेता येत नाही, पण साखळी घेता येते. ती अंगावर राहते, कुठेही नेता येते आणि अडीअडचणीला गहाण ठेवता येते.

अर्थशास्त्रज्ञ कर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव्ह यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या कुटुंबांच्या तुलनेत कृष्णवर्णीय व लॅटिन कुटुंबे कपडे, दागिने आणि गाड्यांवर सुमारे 30 टक्के जास्त खर्च करतात. त्याचे कारण त्यांनी वंशात शोधले नाही. ज्या गटाची सरासरी कमाई कमी, त्या गटातल्या माणसाला ‘मी गरीब नाही’ हे दाखवण्याची गरज जास्त, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. गरीब राज्यांतल्या गोऱ्यांमध्येही हाच कल आढळला. या एका मुद्द्याने ‘ह्यांना पैसा कळतच नाही’ या नेहमीच्या शेऱ्यातली हवा निघून जाते.

डॅपर डॅनचे दुकान

या विषयात एकच जागा जवळून पाहायची असेल तर ती हार्लेमच्या 125 व्या रस्त्यावरची. डॅनियल डे ऊर्फ डॅपर डॅन याने 1982 साली तिथे दुकान थाटले. ते चोवीस तास उघडे असे. त्याची मुख्य गिऱ्हाइके रात्रीची होती: जुगारी, दलाल आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापासून क्रॅक कोकेन विकणारी तरुण मंडळी. रॅपरांकडे तेव्हा एवढा पैसा नव्हता. वेषभूषेची चाल आधी या मंडळींनी पाडली आणि रॅपरांनी ती उचलली.

डॅनने सांगितलेली गोष्ट अशी: एक गिऱ्हाईक लुई व्हिताँची छोटी पाकीटवजा बॅग घेऊन आला आणि दुकानातले सगळे तिच्याभोवती जमले. डॅनच्या मनात आले, एवढ्याशा बॅगेला हा मान, तर माणूसच नखशिखांत त्या चिन्हांनी मढवला तर? युरोपातल्या बड्या कंपन्या तेव्हा तसे कपडे करतच नव्हत्या. त्याने चामड्यावर छपाई करायचे तंत्र स्वतः शिकून घेतले, सेनेगलमधून आलेले शिंपी कामाला लावले, आणि गुच्ची, फेंडी, लुई व्हिताँ यांच्या चिन्हांची जाकिटे, कोट, गाडीच्या आसनांची आवरणेसुद्धा करून दिली. 1987 च्या ‘पेड इन फुल’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर एरिक बी. आणि रकीम या रॅप जोडीच्या अंगात त्याचीच जाकिटे आहेत.

1988 च्या ऑगस्टमध्ये पहाटे या दुकानाबाहेर मुष्टियोद्धा माइक टायसन आणि मिच ग्रीन यांची मारामारी झाली. बातमीबरोबर दुकानही सर्वांना ठाऊक झाले आणि कंपन्यांचे वकील दारात आले. फेंडीच्या वतीने आलेल्या वकील सोनिया सोटोमायर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. छापे आणि जप्त्यांनंतर 1992 साली दुकान बंद पडले.

कायद्याच्या दृष्टीने कंपन्यांची बाजू बरोबर होती. पण 2017 साली गुच्चीने फुगीर बाह्यांचे एक जाकीट बाजारात दाखवले. धावपटू डायन डिक्सन हिच्यासाठी डॅनने 1989 साली शिवलेल्या जाकिटाची ती जवळजवळ हुबेहूब प्रत होती. फरक एवढाच, की मूळ जाकिटावर लुई व्हिताँची चिन्हे होती. इंटरनेटवर संताप उसळला, आणि त्यातून गुच्चीने डॅनशी करार केला. 2018 साली हार्लेममध्ये गुच्चीच्या साहाय्याने त्याची कार्यशाळा पुन्हा उघडली. पंचवीस वर्षे अंधारात राहिलेल्या कारागिराला मान मिळाला, तोही ज्यांनी त्याचा धंदा बसवला त्याच वर्तुळातून.

बूट, सोने, बर्फ

रन-डीएमसी या त्रिकुटाने नाड्यांविना आदिदासचे बूट घातले आणि 1986 साली त्यांवर गाणे केले. त्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना बूट वर धरायला सांगितले. हजारो हात बूट घेऊन वर गेले. आदिदासचा एक अधिकारी ते पाहत होता. त्यातून झालेला करार हा कंपनीने रॅपरांशी केलेल्या पहिल्या मोठ्या करारांपैकी एक होय.

दागिन्यांत आधी सोने होते. दोरासारख्या पिळाच्या जाड साखळ्या, चार बोटांत मिळून बसणारी नावाची अंगठी, बायकांच्या कानांत दाराच्या कडीएवढ्या रिंगा. साखळी भरीव की पोकळ, हे जाणकार नजरेने ओळखत. रॅपर स्लिक रिकने तर एकावर एक इतक्या साखळ्या चढवल्या, की त्याची तीच ओळख झाली. 1990 च्या दशकात सोन्याची जागा प्लॅटिनम आणि हिऱ्यांनी घेतली. येशूच्या मुखाचे जडावाचे पदक, म्हणजे ‘जीझस पीस’, रॅपर नोटोरियस बी.आय.जी.मुळे जणू या संस्कृतीचे चिन्हच बनले. ताश्कंदहून आलेला जेकब अराबो हा सोनार तर गाण्यांतच जाऊन बसला. न्यू ऑर्लीन्सच्या कॅश मनी रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीतून 1999 साली बी.जी.चे ‘ब्लिंग ब्लिंग’ आले आणि तो शब्द काही वर्षांतच इंग्रजी शब्दकोशांत गेला. 2024 साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात, रत्नांच्या दालनालगत, या दागिन्यांचे प्रदर्शन भरले.

दक्षिणेत दातांवर बसवायच्या सोन्या-हिऱ्यांच्या ‘ग्रिल्झ’ला आणि गाड्यांना जास्त मान. ह्यूस्टनची ‘स्लॅब’ म्हणजे साखरेच्या पाकासारख्या चकचकीत रंगाची जुनी मोठी गाडी. तिच्या चाकांच्या तारांच्या जाळ्या बाहेर फुटभर आलेल्या असतात, आणि ती मुद्दाम हळू चालवायची असते, म्हणजे लोकांना पुरेसा वेळ बघता यावे.

घालणाऱ्यापासून मालकापर्यंत

क्रिस्टल या शॅम्पेनचे नाव रॅपरांनी फुकट गाजवले. 2006 साली तिच्या उत्पादक घराण्याच्या प्रमुखाला या गिऱ्हाइकांबद्दल विचारले, तेव्हा ‘आम्ही काय करणार, लोकांना विकत घेण्यापासून रोखता तर येत नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले. रॅपर जे-झीने तिच्यावर बहिष्कार टाकला. 2014 मध्ये त्याने आर्मान द ब्रिन्याक ही शॅम्पेन विकत घेतली आणि 2021 मध्ये तिचा निम्मा वाटा एलव्हीएमएच या बड्या समूहाला विकला. त्याआधी, 2019 मध्ये, ‘फोर्ब्स’ने त्याला अब्जाधीश ठरवले होते, हिप-हॉपमधला तो पहिलाच. फुबू, वू वेअर, शॉन जॉन या कपड्यांच्या कंपन्यांमागेही हाच विचार होता: दुसऱ्याचे नाव छातीवर कशाला, स्वतःचे घालू.

पण ही वाट फार थोड्यांना सापडली. ध्वनिमुद्रण कंपनी कलाकाराला सुरुवातीला देते ती रक्कम म्हणजे उचल असते. चित्रफितीचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच्याच नावे पडतो आणि पुढच्या कमाईतून कापला जातो. चित्रफितीत दिसणारी गाडी, बंगला, साखळी पुष्कळदा भाड्याची असते. द रूट्स या रॅप गटाने 1996 साली आपल्या एका चित्रफितीत नेमके हेच उघडे केले. 1990 साली विक्रमी खपाचा धनी झालेला एमसी हॅमर 1996 साली दिवाळखोर झाला होता.

आतून टीका करणारे पहिल्यापासून होते. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्हचे, गरीब वस्तीतले हाल सांगणारे ‘द मेसेज’ हे गाणे 1982 सालचे, म्हणजे डॅपर डॅनचे दुकान उघडले त्याच वर्षीचे. कान्ये वेस्टने 2004 साली आपल्याच खरेदीच्या हव्यासामागचा न्यूनगंड गाण्यात मांडला आणि पुढच्या वर्षी सिएरा लिओनच्या रक्तरंजित हिऱ्यांवर गायला. मिरवण्याची सर्वांत वाईट बाजू मात्र स्त्रियांच्या वाट्याला आली: 1990 च्या दशकानंतरच्या असंख्य चित्रफितींत त्या गाडी आणि बाटलीच्या रांगेत, मालकीची वस्तू म्हणून उभ्या केल्या गेल्या. याचे समर्थन कुठल्याही इतिहासाने होत नाही. लिल किम, कार्डी बी या रॅपर स्त्रियांनी तीच बढाई स्वतःच्या कमाईच्या जोरावर मारली, तेव्हा ती ऐकायला वेगळी लागली. आणि दागिन्यांपायी जीवही गेले आहेत. 2022 साली पीएनबी रॉक हा गायक लॉस एंजेलिसच्या एका उपाहारगृहात लुटारूंच्या गोळीने मारला गेला.

मुंबई आणि पुणे

मुंबईच्या गली रॅपने हे सारे जसेच्या तसे घेतले नाही. 2015 साली डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले, त्यात मिरवायची वस्तू होती ती स्वतःची गल्लीच. अंधेरी, कुर्ला, धारावी ही नावे इतरांना सांगायला संकोच वाटे. ती आता छाती काढून सांगितली गेली. स्वदेसी या गटाने मराठीतही रॅप केले आणि आरेच्या जंगलातल्या वारली पाड्यांच्या जमिनीचा प्रश्न गाण्यात आणला.

साखळी आणि बूट घेऊन आला तो पुण्याचा एमसी स्टॅन, ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ शेख. गळ्यात ‘हिंदी’ या अक्षरांचे जडावाचे पेंडंट घालून तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात गेला, आपले बूट 80 हजारांचे असल्याचे तिथे बोलून गेला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते पर्व जिंकला. बुटांचे वाक्य देशभर चेष्टेचा विषय झाले. ताडीवाला रोडवरच्या पोरांनी ते चेष्टा म्हणून ऐकले नाही. पुणे स्टेशनला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीचे नाव त्या बुटांबरोबर घरोघरच्या टीव्हीवर आले होते.